टाइमलाइनमधले यंत्र-संदेश आणि हॅशटॅग : शिक्षक-पालकांसाठी एक छोटा पाठ



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल उघडला की एक्सवर (म्हणजे आपल्या जुन्या ट्विटरवर) एकाखाली एक संदेश सरकत येतात. त्या रांगेला टाइमलाइन म्हणतात. त्यातले काही संदेश माणसाने लिहिलेले असतात, काही यंत्राने आपोआप टाकलेले असतात. काहींच्या शेवटी हॅशटॅग असतो आणि काहींना नुसते हॅशटॅगच असतात! ह्या गर्दीतून कामाचं कसं शोधायचं, नको ते कसं बाजूला ठेवायचं आणि आपण स्वतः गर्दी कशी वाढवायची नाही, हे आज पाहू.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

माझी चूक

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेचं खातं उघडलं. रोज सकाळी एक सुविचार टाकायचा असं ठरलं. पण परिपाठाच्या घाईत रोज जमेना. मग मला समजलं की संदेश आधीच लिहून त्याला तारीख आणि वेळ लावून ठेवता येते. मी एका रविवारी बसून पूर्ण महिन्याचे सुविचार लिहून टाकले. रोज सकाळी ७ वाजता संदेश आपोआप जाणार. मला वाटलं, केवढं काम वाचलं!

ऑक्टोबरचे दिवस होते. सोयाबीनची सोंगणी चालू होती. एका दुपारी वीज पडून आमच्या चौथीतल्या एका मुलाचे वडील शेतातच गेले. अख्खं गाव सुन्न झालं. त्या रात्री कुणाच्या घरी नीट चूल पेटली नाही. मीही त्यांच्या घरून उशिरा परतले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर ७ वाजता शाळेच्या खात्यावरून संदेश गेला : "आजचा दिवस हसत सुरू करा! #आनंदीशाळा #वाशिम".

मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. साडेसातला त्या मुलाच्या काकांचा फोन आला. ते पुण्याला कामाला असतात आणि गावची खबर म्हणून शाळेचं खातं पाहतात. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, आज तरी नको होतं हो."

काय उत्तर देणार? "मी नाही टाकला, आपोआप गेला" असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. यंत्राला गावात काय झालं ते माहीत नसतं, पण मला माहीत होतं. नाव शाळेचं होतं, शब्द माझे होते. मी माफी मागितली, संदेश काढला आणि राहिलेले सगळे सुविचारही काढून टाकले. त्या दिवसापासून मी ह्या विषयाचा नीट अभ्यास सुरू केला. हा लेख त्यातूनच आला आहे.

यंत्र-संदेश म्हणजे काय?

ज्या संदेशाचं बटण पाठवण्याच्या क्षणी माणसाने दाबलेलं नसतं, तो यंत्र-संदेश. त्याचे साधारण चार प्रकार करता येतील.

१. वेळ लावून ठेवलेले : माझ्या सुविचारासारखे. लिहितो माणूस, पाठवतं यंत्र.

२. माहिती पोचवणारे : हवामान, धरणाची पातळी, भूकंप, बाजारभाव. आकडे आले की यंत्र ठरलेल्या साच्यात बसवून टाकतं.

३. उत्तर देणारे : तुम्ही काही लिहिलं की लगेच ठरलेलं उत्तर येतं. नोव्हेंबर २०२० मध्ये, शाळा बंद असताना, राज्यात व्हॉट्सअॅपवर 'स्वाध्याय' उपक्रम सुरू झाला होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो आठवत असेल. मूल प्रश्न सोडवायचं आणि निकाल आपोआप यायचा. समोर कुणी गुरुजी बसलेले नसायचे.

४. गर्दी करणारे : एखादा हॅशटॅग चालतोय असं दिसलं की त्यात घुसून जाहिरात, लॉटरी, कर्ज, नोकरीची खोटी लिंक टाकणारे, किंवा एकच वाक्य शंभर खात्यांवरून पसरवणारे.

म्हणजे यंत्र-संदेश वाईटच असतो असं नाही. जुलै २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम मोठ्याने वाजले होते, आठवतं? आपत्कालीन सूचना पोचतात का, याची ती सरकारी चाचणी होती. तोही यंत्र-संदेशच. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' हे अॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं आहे. त्यावर येणारी सूचनाही यंत्रच पाठवतं, कारण तिथे माणसाने टाइप करत बसायला वेळच नसतो. आमच्या भागात सोंगणीच्या दिवसांत ही सूचना जीव वाचवू शकते. म्हणून "यंत्राचं आहे, बंद करून टाका" असं सरसकट करून चालत नाही.

एक्सवर २०२२ पासून चांगल्या यंत्र-खात्यांना "हे खातं आपोआप चालतं" अशी पट्टी लावण्याची सोय आली. मॅस्टोडॉन नावाच्या दुसऱ्या एका मुक्त व्यासपीठावरही खातं उघडणारा स्वतःच्या खात्याला 'बॉट' अशी खूण लावू शकतो. पण ही खूण प्रामाणिक माणूस लावतो. फसवणारा कशाला लावेल? तो आपल्याला वागणुकीवरूनच ओळखावा लागतो. दिवसरात्र सारख्याच अंतराने संदेश येतात का? तेच वाक्य इतर खात्यांवरही आहे का? कुणी प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं का? खातं नवं आहे आणि संदेश मात्र हजारो आहेत का? एका खुणेवरून निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर सावध व्हा.

हॅशटॅग म्हणजे फडताळावरची चिठ्ठी

स्वयंपाकघरात डबे सारखे दिसतात म्हणून आपण वर चिठ्ठी लावतो : तूरडाळ, हरभराडाळ. हॅशटॅग म्हणजे तशीच चिठ्ठी. # हे चिन्ह आणि त्याला लागून शब्द. त्यावर बोट ठेवलं की त्या चिठ्ठीचे सगळे संदेश एकत्र दिसतात.

ही कल्पना कंपनीची नव्हती, एका वापरणाऱ्याची होती. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की गटासाठी # वापरलं तर कसं होईल? त्यांनी उदाहरण दिलं होतं बारकॅम्प ह्या मेळाव्याचं. पुढे २००९ मध्ये ट्विटरने ह्या शब्दांवर दुवा द्यायला सुरुवात केली आणि हॅशटॅग जगभर पसरला.

आपल्या मराठीने त्याचा सुंदर उपयोग करून दाखवला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'मराठी विश्वपैलू' ह्या ट्विटर खात्याच्या पुढाकाराने पहिलं ट्विटर मराठी संमेलन भरलं. ना मांडव, ना व्यासपीठ, ना पासची मारामारी! #ट्विटरसंमेलन हा मुख्य हॅशटॅग आणि विषयानुसार #माझीकविता, #माझीबोली, #भटकंती, #मराठीशाळा असे वेगवेगळे हॅशटॅग. कवितेचा रसिक कवितेच्या दालनात जाईल, शाळेवर बोलणारा शाळेच्या. ह्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : हॅशटॅग आधी ठरवले, थोडे ठरवले आणि सर्वांना एकच लेखन सांगितलं. म्हणून ती दालनं झाली. नाहीतर अडगळीची खोली झाली असती.

मराठी हॅशटॅगच्या खाचाखोचा

इथे आपण भाषेचे शिक्षक म्हणून जास्त लक्ष द्यायला हवं. यंत्राला अर्थ कळत नाही, त्याला फक्त अक्षरं कळतात.

१. ऱ्हस्व-दीर्घ : आपल्या जिल्ह्याचंच नाव घ्या. कुणी वाशिम लिहितं, कुणी वाशीम. दोन्ही पाट्या आपण रोज पाहतो. माणसासाठी गाव एकच, पण #वाशिम आणि #वाशीम हे यंत्रासाठी दोन वेगळे डबे! एका डब्यातला संदेश दुसऱ्यात सापडत नाही. म्हणून शोधताना दोन्ही शोधा. लिहिताना मात्र एकच ठरवा.

२. प्रत्यय : "#वाशिमच्या शाळा" असं लिहिलं तर हॅशटॅग झाला #वाशिमच्या. तो कोण शोधणार? मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून हॅशटॅग वाक्याच्या मध्ये न घालता शेवटी मूळ रूपात द्यावा.

३. जागा आणि चिन्हं : शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली किंवा साधी आडवी रेघ दिली की हॅशटॅग तिथेच तुटतो. इंग्रजीत मोठी-लहान लिपी वापरून लांब हॅशटॅग वाचता येतो. देवनागरीत ती सोय नाही. #शाळापूर्वतयारीमेळावा वाचताना दम लागतो. शब्दांमध्ये खालची रेघ द्या : #शाळापूर्व_तयारी. ती चालते.

४. अंक : नुसते अंक लिहिले तर हॅशटॅग होत नाही. आणि #इयत्ता४ व इंग्रजी अंक घातलेला तोच हॅशटॅग हे वेगवेगळे पडतात.

५. सारखे दिसणारे, पण वेगळे : "शेतकऱ्यांसाठी" मधला 'ऱ्या' वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. शक्यतो असा जोड नसलेला सोपा शब्द निवडा.

६. एकाच नावाची गावं : मालेगाव हा आपल्या जिल्ह्यातला तालुका आहे, पण #मालेगाव उघडलं तर बहुतेक नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव दिसेल. कारंजा आपलं, तसं वर्धा जिल्ह्यातही कारंजा आहे. शिरपूर आपल्याकडे जैनांचं, आणि धुळे जिल्ह्यातही शिरपूर आहे. पावसाची किंवा रस्ता बंदची बातमी असेल तर हा घोळ महागात पडतो. म्हणून नावासोबत जिल्हा जोडा : #मालेगाव_वाशिम, #कारंजा_लाड.

आणि किती हॅशटॅग द्यायचे? माझं उत्तर आहे एक किंवा दोन. एका डब्यावर दहा चिठ्ठ्या लावल्या तर आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. चालू असलेला हॅशटॅग विषय नसताना घेतला तर आपणही त्या चौथ्या प्रकारच्या गर्दीतलेच झालो.

टाइमलाइन आवरायची कशी?

आता हाताने करायच्या गोष्टी. पालकांनीही एकदा बसून करून पाहाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली पायरी : एक्सवर वर दोन कप्पे दिसतात. एकात यंत्राने तुमच्यासाठी निवडलेलं येतं, तिथे अनोळखी खातीही घुसतात. दुसऱ्यात तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचं येतं. बातमी किंवा सूचना पाहायची तर दुसरा कप्पा उघडा.

दुसरी पायरी : एखादं यंत्र-खातं फार बोलत असेल तर ते खातं म्यूट करा. म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही. एखादे ओळखीचे सर स्वतः चांगलं लिहितात, पण दिवसभर दुसऱ्यांचं पुढे ढकलत राहतात, तर त्यांचे फक्त रिपोस्ट बंद करता येतात. सरांचा मानही राहतो, आपलं डोकंही!

तिसरी पायरी : शब्द म्यूट करणे. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात म्यूट केलेल्या शब्दांची यादी असते. तिथे शब्द टाकून मुदत निवडता येते : २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायमची. नुसता शब्द टाकला तर तो शब्द आणि त्याचा हॅशटॅग दोन्ही लपतात. # सकट टाकला तर हॅशटॅगच लपतो. मराठी प्रत्ययांमुळे 'लॉटरी' आणि 'लॉटरीचा' ही रूपं वेगवेगळी टाकायला विसरू नका.

चौथी पायरी, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव कधीही म्यूट करू नका. एका जाहिरातवाल्याने #वाशिम घाण केला म्हणून आपण तो हॅशटॅगच लपवला, तर पुराची सूचनाही लपली. शेतात डुक्कर घुसलं म्हणून कुणी पीक जाळत नाही. खातं अडवा, हॅशटॅग ठेवा. फसवणारं असेल तर नुसतं म्यूट करून थांबू नका, त्याची तक्रार करा.

पाचवी पायरी : ज्या थोड्या खात्यांवर जीव अवलंबून आहे, हवामान विभाग, जिल्हा प्रशासन, त्यांची वेगळी यादी करा किंवा त्यांच्या सूचनेची घंटा चालू ठेवा. खातं खरं आहे ना, ते मात्र आधी अधिकृत संकेतस्थळावरून जुळवून घ्या. नावात एक अक्षर बदलून खोटं खातं करणारे कमी नाहीत.

वर्गातला उपक्रम : दोरीवरची टाइमलाइन

एक्सवर खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात. आपली मुलं नऊ-दहा वर्षांची. म्हणून वर्गात मोबाईल नको. पण मुलं घरी आई-बाबांचा मोबाईल पाहतातच, तेव्हा समज मात्र आत्ताच द्यायला हवी. मी चौथीत घेते तो उपक्रम सांगते.

साहित्य : एक दोरी, कपड्यांचे चिमटे, पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या.

कृती : वर्गात २२ मुलं आहेत असं समजा. १९ मुलांनी एकेक खरी बातमी एका ओळीत लिहून दोरीला लावायची आणि खाली एक हॅशटॅग द्यायचा. उरलेली ३ मुलं 'यंत्र'. मी दर मिनिटाला टाळी वाजवते आणि प्रत्येक यंत्राने तीच ती ओळ लिहून लावायची : "बक्षीस मिळवा". दहा मिनिटांनी मोजायचं. माणसांच्या चिठ्ठ्या १९, यंत्रांच्या ३०! वर्गात माणसं जास्त आहेत, पण दोरीवर यंत्रं जास्त दिसतात. म्हणजे जास्त वेळा दिसलं म्हणून जास्त लोकांनी म्हटलं असं होत नाही. हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

मग मी विचारते, "उद्या शाळा सकाळची आहे, ही चिठ्ठी कुणी वाचली?" ती मी गुपचूप मध्येच लावलेली असते. बहुतेकांनी वाचलेली नसते. इथे मुलं खरी हलतात. एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्या बक्षीसवाल्यांनी आपली शाळाच लपवली की!" तिला ह्या पाठातलं सगळं समजलं होतं.

शेवटी मुलं चिठ्ठ्या हॅशटॅगप्रमाणे लावतात. कुणी #शाळा लिहिलेलं असतं, कुणी #शाला, कुणी #आमचीशाळा. एकाच विषयाच्या तीन जागा झालेल्या पाहून शुद्धलेखन कशासाठी हा प्रश्न मुलांना पुन्हा विचारावा लागत नाही. मराठी, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्ही एका तासात होतात.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि गावाचा हॅशटॅग हे चारही एका संदेशात टाकू नका. हॅशटॅग कुणीही शोधू शकतो, आणि शोधणारा प्रत्येक जण कौतुकानेच शोधतो असं नाही. कौतुक करायचं तर चित्राचं, हस्ताक्षराचं, प्रयोगाचं करा. चेहरा आणि नाव घरच्या गटात ठेवा. शाळेनेही पालकांची परवानगी घेतल्याशिवाय मुलांचे फोटो टाकू नयेत. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही सांगितलं आहे.

आणि आपण शिक्षकांनी?

शाळेचं खातं चालवत असाल तर माझ्या चुकीतून आलेले हे नियम पाहा :

• वेळ लावून संदेश ठेवायचाच असेल तर एका आठवड्यापेक्षा पुढचा नको.
• वेळ लावलेल्या संदेशांची यादी शाळेतल्या दोघांना माहीत असावी आणि दोघांनाही थांबवता यावी.
• गावात दुःखद घटना घडली, पूर आला, काही ताण झाला की सगळ्यांत आधी ती यादी थांबवायची. मग बाकीचं.
• अभिनंदन, श्रद्धांजली आणि माफी कधीही यंत्राच्या हाती द्यायची नाही.
• पालकाने प्रश्न विचारला तर ठरलेलं उत्तर नको. उशीर झाला तरी माणसाने उत्तर द्यावं.

त्या घटनेनंतर महिनाभर शाळेच्या खात्यावर मी काहीच टाकलं नाही. पहिला संदेश टाकला तो त्या मुलानेच काढलेल्या चित्राचा, त्याच्या आईला विचारून, नावाशिवाय. बैलजोडी होती आणि वर स्वच्छ आभाळ. हॅशटॅग एकच दिला : #आमचीचित्रं. बटण दाबण्याआधी दोनदा वाचलं. थोड्या वेळाने पुण्याहून काकांचं उत्तर आलं, "छान आहे मॅडम. त्याला सांगा, पाहिलं म्हणून."

मी त्याला वर्गात सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी अजून एक चित्र घेऊन आला.

तुमच्या वर्गात दोरीवरची टाइमलाइन नक्की करून पाहा. आणि आज रात्री घरी गेल्यावर, पालकहो, मुलाला जवळ घेऊन मोबाईलवरचा एकेक संदेश दाखवा आणि विचारा, "सांग बरं, ह्याचं बटण कुणी दाबलं असेल?"